दहाव्या दिवशी चुंबक उलटणार

माझी थोरली बहीण ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे सगळे तिला ‘उलटापालट बाई’ म्हणतात. तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नाही, मला मात्र लागतं. बावीस वर्षांत जिनं एक खाडा केला नाही, तिला हे नाव? पण काम तेच आहे. तिथे जमिनीखाली दोन मजली घराएवढं चुंबक आहे आणि दर दहाव्या दिवशी त्यातला विजेचा प्रवाह उलटा करायचा, ही ताईची नोकरी. प्रवाह सावकाश शून्यावर आणायचा, मनगटाएवढ्या जाड केबली सोडून त्यांची अदलाबदल करायची, एकेक नट पुन्हा आवळायचा, मग प्रवाह परत चढवायचा. अख्खा दिवस जातो.

कशासाठी, ते तिनं मला एकदा समजावलं. विश्वाच्या सुरुवातीला पदार्थ आणि प्रतिपदार्थ बरोबरीनं जन्मले. दोघे समोरासमोर आले की दोघेही खलास, मागे नुसता प्रकाश. बरोबरी पक्की असती तर आज काहीच नसतं. पण अब्जभर जोड्या संपल्या की पदार्थाचा एखादा कण जास्तीचा उरायचा. त्या उरलेल्यांतून तारे, दगडधोंडे, तू, मी आणि आमचे साहेब. तो का उरला, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. म्हणून हे लोक दोन्ही जातींचे कण तयार करतात आणि ते मोडताना त्यांच्यात फरक पडतो का, ते मोजतात. चुंबक एका जातीला डावीकडे वळवतं, दुसरीला उजवीकडे.

“आणि डावीकडचे कण मोजणारं आपलं यंत्रच जरा आंधळं असेल तर?” ताई म्हणाली. “मग आपल्या यंत्राचा दोष आपण विश्वाच्या नावावर खपवणार. म्हणून बाजू बदलायच्या. तराजूचा संशय आला की पारडी बदलून तोलतोस ना, तसंच.”

गेल्या वर्षी चुंबक एका बाजूनं चालू असताना त्या दिवसांच्या मोजणीत फरक दिसला. चांगला घसघशीत. नवे साहेब हवेत गेले. परिषद तीन आठवड्यांवर आली होती आणि दहावा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. साहेब स्वतः ताईच्या टेबलाशी आले.

“बाई, या वेळी उलटायचं राहू द्या. एक दिवस फुकट जातो.”

“एकाच बाजूनं कितीही मोजलं तरी चूक तीच राहते, साहेब.”

“तुमचं काम केबली बदलायचं. अर्थ आम्ही लावू.”

“मग उलटू नका असं लेखी द्या.”

लेखी काही मिळालं नाही. जाता जाता ते एवढंच म्हणाले, “तुमचा करार महिनाअखेरीला संपतोय, नाही का?”

घरी येऊन ताई बराच वेळ पायातले बूटही न काढता बसून राहिली. ती घाबरली होती आणि तसं तिनं सांगितलंही. चोपन्न वर्षांची बाई, हातात एकाच चुंबकाचं कसब, कोण ठेवून घेणार? मी म्हणालो, एकदा कर डोळेझाक, आभाळ कोसळणार नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं चहा टाकायला उठलो.

सकाळी सातला ती पान्हा घेऊन खाली उतरली आणि तिनं चुंबक उलटलं.

पुढचे दहा दिवस तिच्याशी कुणी धड बोललं नाही. मग दोन्ही बाजूंच्या मोजण्या एकत्र केल्या आणि फरक आपटला. आधी हजार कणांमागे बारा दिसत होता, तो तीनवर आला. बाकीचे नऊ डावीकडच्या एका थकलेल्या यंत्राची करामत होती. साहेबांनी परिषदेत तीनच सांगितले, तोंड पाडून. टाळ्याही बेताच्याच पडल्या म्हणे.

महिनाअखेरीला त्यांनी नवा करार पुढे केला. त्यांना ताई नको होती, पण ते काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. करारात एक नवी ओळ होती: यापुढे चुंबक साहेबांच्या तोंडी आदेशानंच उलटायचं. ताईनं ती ओळ खोडली, वर ‘दर दहाव्या दिवशी’ असं लिहिलं, सही केली आणि कागद फिरवून त्यांच्यापुढे सरकवला.

“ते तीन आता कुणाला पुसता येणार नाहीत,” ती म्हणाली. “बारा सांगितले असते तर उद्या दुसऱ्या कुणीतरी त्यातले नऊ खोटे ठरवले असते आणि खऱ्या तिनावरही कुणी विश्वास ठेवला नसता. करा सही. नाहीतर पान्हा इथे ठेवते आणि निघते.”

साहेबांनी सही केली. त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता. ताईकडेही नव्हता, तरी ती खरंच निघून गेली असती.