दुपारचा पहारा

सुलभा गेल्यावर मला देवाचा राग आला नाही. देव मी कधी मानलाच नव्हता. राग आला तो त्याच्या वतीने बोलणाऱ्यांचा. "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात," असं बुरोंडीतलं निम्मं गाव मला ऐकवून गेलं. माझा जन्म जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेला. निवृत्त होऊन बायकोबरोबर निवांत राहायला घरी आलो, आणि वर्ष भरायच्या आत तीच गेली. मुलगी पुण्याला. मी दार लावून बसू लागलो.

श्रावणात देवळात सप्ता बसला. सात दिवस अखंड नाम, वीणा जमिनीला टेकवायची नाही, घराघराने पहारा वाटून घ्यायचा. कर्णा नेमका माझ्या खिडकीकडे तोंड करून लावलेला. तो फिरवायला सांगावं म्हणून निघालो, तर शेजारच्या जनाकाकी दारात उभ्या.

"चल रे. दुपारचा पहारा तुमच्या घरचा. सुलभा दरवर्षी करायची."

"काकी, मी देव मानत नाही."

"नको मानू. वीणा धरायला हात हायत ना? माझ्या घरचे बाप्ये सगळे मुंबईला. मी एकटी टाळ वाजवू की वीणा धरू?"

चरफडत गेलो. आधीच्या गृहस्थाने वीणा माझ्या गळ्यात अडकवली, वर रीतीप्रमाणे माझ्याच पाया पडून तो जेवायला गेला. मला अगदी कसंतरी झालं. त्यात वाटेतल्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलं, आणि पलीकडच्या वाडीतून पुढच्या पहाऱ्याला येणारी माणसं तिकडेच अडकली. पाय दुखायला लागले, खांदा भरून आला, मनातल्या मनात सगळ्या गावाला शिव्या घालून झाल्या. तरी वीणा खाली ठेववेना. जहाजावर बदलीचा माणूस आल्याशिवाय वॉच, म्हणजे आपला पहारा, सोडायचा नसतो. ती सवय हाडात मुरलेली.

शेवटी काकींचा आवाज बसला. "आता तू घे नाव," त्या कशाबशा म्हणाल्या.

"कुणाचं घेऊ?" मी खेकसलो.

"येईल ते घे. पण थांबू नको."

तोंडातून आलं ते 'सुलभा'. स्मशानातून आल्यापासून हे नाव मी मोठ्याने उच्चारलंच नव्हतं. 'ती', 'हिचं' एवढ्यावरच भागवत होतो. काकींनी माझ्याकडे पाहिलं, टाळ उचलले आणि बसल्या आवाजात त्याच चालीवर मागे म्हटलं, "सुलभा, सुलभा." समोर माइक चालू आहे, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. थोड्या वेळाने सुलभाच्या भजनी मंडळातल्या बायका पदर डोक्यावर घेऊन भिजत आत आल्या. टाळ घेतले आणि तेच नाव म्हणू लागल्या. मी रडत उभा होतो. एकीने हळूच वीणा माझ्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातली, आणि नामाचं पुन्हा 'रामकृष्णहरी' कधी झालं ते मला कळलंही नाही.

आता दर एकादशीला मी भजनाला बसतो. ही मंडळी वेळेवर जमत नाहीत, बेसूर गातात आणि प्रसादावरून तासभर वाद घालतात. माझं डोकं फिरतं. देव आहे की नाही, मला आजही ठाऊक नाही. काकी म्हणतात, त्यानेच बायकांना धाडलं. मी वाद घालत नाही. इतकंच कळलं, की आपल्याला पेलेना झालं की ते दुसऱ्याच्या हाती देता येतं. त्या दुपारी ज्यांनी ते घेतलं, त्यांच्या पाया पडताना आता मला कसंतरी होत नाही.