चादर पांघरलेली अँबॅसडर

१९७६ च्या भाद्रपदात एका रविवारी सकाळी आमची अँबॅसडर गाडी नान्नजच्या माळावर चिखलात रुतली. रुतली तेव्हा तिच्या अंगावर दोन सोलापुरी चादरी होत्या. आत चार माणसे होती आणि चारही काचा बंद होत्या. जीवितहानी झाली नाही.

घटनेचे मूळ हैदराबादेत आहे. माझे वडील, म्हणजे अप्पा, सोलापुरात सात रस्त्यावर चादरींचे दुकान चालवत. त्या उन्हाळ्यात ते व्यापाराच्या कामाने हैदराबादला गेले. तिथल्या एका व्यापाऱ्याने त्यांना जाळी लावलेल्या बसमध्ये बसवले आणि मोकळे फिरणारे सिंह दाखवून आणले. माणसे पिंजऱ्यात आणि सिंह बाहेर, ही व्यवस्था अप्पांना फार पटली. परत आल्यावर दुकानात चादर बघायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सिंह ऐकावा लागे, मग भाव. शेवटी त्यांनी घरी जाहीर केले की हे आपल्याकडेही होऊ शकते. माळ आहे, हरणे आहेत, आणि नुकतीच घेतलेली (दुसऱ्या हाताची, हँडब्रेक न लागणारी) गाडी आहे. फक्त सिंह नाहीत, आणि ती सोयच आहे.

अव्वा, माझी आई, भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "मग मला येरेभूत दाखवा."

येरेभूत म्हणजे माळढोक. अव्वाचे माहेर अक्कलकोटच्या पुढचे, तिथे घरात कानडी बोलत आणि या पक्ष्याला काळ्या रानातले भूत म्हणत. माणसाच्या कमरेइतका उंच, डोक्यावर काळी टोपी, पांढरी मान. पावसाळ्यात नर उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवतो आणि रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा आवाज काढतो. अव्वा लहान असताना तिचे वडील तिला बैलगाडीत घालून रानात नेत. तो आवाज आला की ते बैल थांबवत आणि तिच्या पाठीवर हात ठेवत. बोलायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग गाडी हळूहळू पुढे जायची आणि पक्षी तसाच उभा असायचा.

लग्न होऊन ती दुकानाच्या माडीवर राहायला आली. वडील गेले, भावांनी रान विकले, माहेरी जायला कारण उरले नाही. खिडकीतून सात रस्ते दिसत, पण त्यातला एकही माळावर जात नाही, असे ती म्हणे. दर पावसाळ्यात एकदा तरी ती त्या पक्ष्याची गोष्ट काढायची आणि दर पावसाळ्यात अप्पा "पुढच्या वर्षी" म्हणायचे. नान्नजकडे तो अजून दिसतो, पण कमी झालाय, असे बार्शीच्या गिऱ्हाइकांकडून तिने ऐकले होते. त्यामुळे यंदा तिने विषय सोडला नाही. फक्त एक सूचना केली: मोटार नको, कुणाची तरी बैलगाडी बघा, बैलाला ते भीत नाही.

"दारात अँबॅसडर असताना बैलगाडी?" अप्पा म्हणाले. "लोक काय म्हणतील, गाडी बंद पडली म्हणतील की."

मी तेव्हा सोलापूरच्याच एका दैनिकात उमेदवारी करत होतो. माळढोकाचा प्रत्यक्ष पाहिलेला वृत्तांत आणतो, असे मी संपादकांना सांगून ठेवले. तयारी म्हणून ग्रंथालयात जाऊन एका जाड पुस्तकातले दोन परिच्छेद वाचले आणि घरी येऊन ते अव्वाला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. तो किती उंच असतो हे मी सांगितले तेव्हा तिने "असं व्हय?" असेही विचारले.

प्रवासाचे नियम हैदराबादचेच होते. खाली उतरायचे नाही, काचा उघडायच्या नाहीत, बोलायचे नाही. सिंहासाठी केलेले नियम हरणाला कशाला, असे माझ्या काकांनी, मल्लूकाकांनी, विचारले. अप्पा म्हणाले, नियम म्हणजे नियम. पण मुख्य प्रश्न वेगळाच होता. हैदराबादच्या सिंहांना बसची सवय होती, नान्नजच्या जनावरांना अँबॅसडरची नव्हती. गाडी पांढरी. ती गवतात मिसळली पाहिजे. यावर चादरीच्या व्यापाऱ्याला जो उपाय सुचेल तोच अप्पांना सुचला.

दुकानात निव्वळ हिरवी चादर नव्हती. होती तिच्यावर लाल काठ आणि मधोमध दोन मोर होते. अप्पांनी ती टपावर अंथरली. दुसरी, गुलाबाची, बॉनेटवर. गाठी मल्लूकाकांनी मारल्या. (मल्लूकाकांना मोटारीतले सगळे कळते असा घरात समज होता. तो समज मल्लूकाकांनीच करून दिला होता.) गाडी निघाली तेव्हा शेजारच्या हॉटेलातली माणसे चहा सोडून बाहेर आली आणि गाडी कुठल्या दर्ग्याला निघाली, असे एकाने विचारले.

बार्शी रस्ता सोडून गाडीवाटेला लागेपर्यंत सगळे ठीक होते. मग अप्पांनी काचा वर करायला लावल्या. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि आता ऊन होते. थोड्याच वेळात काचांवर आतून वाफ धरली आणि आम्हाला बाहेरचे दिसेनासे झाले. अव्वाने पदराने काच पुसून एक वाटोळे भोक पाडले आणि त्याला डोळा लावला. बोलायचे नाही म्हणून मल्लूकाकांनी खायला काढले. कडक भाकरी होती. ती पहिल्यांदा मोडली तेव्हा अप्पांनी ब्रेक लावला.

"काय तुटलं?"

"भाकरी," काका म्हणाले.

पहिला कळप काकांना दिसला. हरणे, असे ते कुजबुजले. अप्पांनी इंजिन बंद केले. हरणे जवळ आली, गाडीभोवती जमली आणि ती मेंढरे निघाली. त्यांनी काचेला नाके लावून आत पाहिले. त्यातल्या एका मेंढीने गुलाबाच्या चादरीचा काठ खायला घेतला. अप्पा आतून "हाड" म्हणत होते, पण काच बंद असल्यामुळे तिच्यापर्यंत पोचत नव्हते. काच खाली घ्या, असे काका म्हणाले. अप्पांनी नियमाची आठवण दिली. मेंढी काठ संपवून, गाठ सोडवून गेली.

काळवीटही दिसले, हे नोंदवले पाहिजे. चांगला मोठा कळप होता आणि आम्ही वळण घेऊन समोर येईपर्यंत शांत चरत होता. मग त्यांनी माना वर करून मोरांकडे पाहिले. पुढे आम्हाला दिसल्या त्या फक्त उड्या, क्षितिजाकडे जाणाऱ्या.  अव्वाने पुन्हा काच पुसली.

"येरेभूत असंल अजून," अप्पा म्हणाले. त्यांनी गाडी जरा जोरात घेतली. गाठ सुटलेली गुलाबाची चादर वाऱ्याने फुगली, उठली आणि समोरच्या काचेवर सपाट बसली. अप्पांना आता गुलाबांशिवाय काही दिसत नव्हते. खाली उतरायचे नाही हा नियम असल्यामुळे त्यांनी आतूनच वायपर चालू केला. गाडी वाट सोडून उतारावरच्या काळ्या रानात गेली आणि चाकांवरच्या पाट्यांपर्यंत चिखलात बसली.

अप्पांनी इंजिनाला जेवढा जोर देता येईल तेवढा दिला. मागची चाके फिरली आणि मागच्या सगळ्या काचांवर चिखलाचा लेप बसला. मग इंजिन बंद झाले. अव्वाचे भोकसुद्धा चिखलाने बुजले होते. तिने हात मांडीवर ठेवले.

"पुढच्या वर्षी," अप्पा हळूच म्हणाले.

"पुढच्या वर्षी ते ऱ्हाईल का?" ती म्हणाली. एवढेच. त्या वर्षातले तिचे मला आठवणारे सर्वांत मोठे भांडण ते.

बऱ्याच वेळाने एक बैलगाडी आली. तीत ओला चारा होता आणि पुढे मुंडासेवाला माणूस. त्याने बैल थांबवून आमच्याभोवती एक चक्कर मारली.

"चादरी वाळत घातल्याव व्हय?" त्याने विचारले.

अप्पांनी काच बोटभर खाली घेतली आणि फटीतून परिस्थिती सांगितली. तो म्हणाला, ओढतो, पण ती मोराची द्या. अप्पा म्हणाले, गुलाबाची घ्या. ती मेंढीने खाल्लेली आहे हे त्याच्या लक्षात आले होते. गुडघाभर चिखलातली गाडी, बोटभर उघडी काच आणि त्यातून चाललेला चादरीचा सौदा: सूत कसे, रंग पक्का का, मोर दोन्हीकडून दिसतात का. शेवटी मोर गेले.

त्याने बैलगाडीच्या आखाला दोर बांधून दुसरे टोक आमच्या बंपरला बांधले. अप्पांनी स्टेअरिंग धरायचे, काकांनी आणि मी मागून रेटायचे, असे ठरले. वजन कमी करायला कुणी तरी उतरले पाहिजे, तो म्हणाला. आम्ही नियमाचे काय, म्हणून अप्पांकडे पाहिले. तोवर अव्वा उतरली होती. चपला हातात घेऊन ती चिखलातून चालत पुढे गेली, चाकाच्या आऱ्यावर पाय दिला आणि चाऱ्यावर चढून बसली. त्या वयात ती इतक्या झटकन कुठे चढल्याचे मी पाहिले नव्हते.

"चला," ती म्हणाली. आम्हाला नव्हे, बैलांना.

गाडी इंचाइंचाने निघाली. काकांनी आणि मी डिकीला खांदे लावले होते आणि माना खाली घातल्या होत्या. चढ लागला. मग एकाएकी सगळे थांबले.

"ओढा की, थांबला का?" काका ओरडले.

पुढून अव्वाचा आवाज आला. मोठा नव्हता. "सुम्म कूडरी." गप्प बसा. तिने हे कानडीत म्हटले, आणि आमच्या घरात ती कानडीत बोलली की अप्पासुद्धा ऐकत. माळावर कुणी हलले नाही. मग दुरून एक आवाज आला, खोल, पोटातून आल्यासारखा. थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

काका माझ्या कानाशी म्हणाले, "गिअरबॉक्स गेला."

गाडी चढावर होती आणि हँडब्रेक लागत नव्हता. दोरावर काकांचा विश्वास नव्हता. सोडलंस तर दोघंही खाली जाऊ, ते म्हणाले. मी सोडले नाही. आवाज आणखी दोनतीनदा झाला. बैलांच्या घुंगरांचा एखादा खुळखुळाट सोडला तर दुसरे काही ऐकू येत नव्हते. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग बैल चालू लागले, गाडी वाटेवर आली, मी हात सोडून पळत पुढे गेलो. अव्वा चाऱ्यावर बसून समोरच्या उंचवट्याकडे पाहत होती. उंचवट्यावर गवत होते.

अप्पा बाहेर आले. समोरच्या काचेवर अजून गुलाबाची चादर होती, त्यांनाही काही दिसले नव्हते.

"दिसला?" त्यांनी विचारले.

"दिसला."

"केवढा हाय?"

अव्वाने जरा विचार केला. "तवा हुता तेवढाच हाय," ती म्हणाली. मग खाली उतरायला तिने हात पुढे केला. अप्पांनी तो धरला आणि ती उतरल्यावरही गाडीच्या दारापर्यंत धरून ठेवला. येताना चारही काचा उघड्या होत्या.

वृत्तांत मी अव्वाला विचारून लिहिला. पांढऱ्या पिशवीबद्दल, काळ्या टोपीबद्दल, आवाज काढायच्या आधी तो शेपूट कशी पाठीवर घेतो त्याबद्दल तिने सांगितले. संपादकांनी वर्णन जिवंत आहे असे म्हणून तो रविवारच्या अंकात घेतला. पुढे त्याच दैनिकात माळढोक आला की बातमी माझ्याकडे येऊ लागली. मी त्या पक्ष्यावर अनेकदा लिहिले आणि प्रत्येक वेळी वर्णन तेच वापरले.

अँबॅसडर विकली. अव्वा आता नाही. त्या माळावर मी नंतर बऱ्याच पावसाळ्यांत गेलो, दोनदा बैलगाडीतून. आता तिथे माळढोक दिसणे हीच बातमी असते.

त्या सकाळी आवाज चालू होता तेवढा वेळ माझे तोंड गाडीच्या मागच्या नंबरप्लेटसमोर होते. तिचा डावीकडचा स्क्रू पडलेला होता.