पिचरच्या शेजारची जागा

अण्णा गेला तेव्हा मी मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात बांगड्यांचा भाव करत होते. वहिनीचा फोन आला. "वन्सं, घरी या..." एवढंच म्हणाली. तेव्हासुद्धा ती शब्द टाळत होती. बाई गं, आता तरी बोल, असं तिथेच ओरडावंसं वाटलं. पण ही गप्प राहायची सवय आम्हाला अण्णानेच लावली होती, आणि आम्ही त्या सवयीचं काय केलं ते सांगायलाच हे लिहायला बसलेय. महिना उलटला, दुसरं काही सुचत नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. उमेदीची वर्षं जहाजावर खलाशी होता. एकदा दुरुस्तीसाठी जहाज जपानच्या बंदरात अडकलं, तेव्हा वेळ घालवायला हा बेसबॉलचा सामना बघायला गेला आणि जन्माचा नादावला. नऊ डाव संपत आले तरी त्या दिवशीच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, समोरच्यांना एकही हिट मारू दिली नव्हती. याला नो-हिटर म्हणतात. चांगल्या चांगल्या पिचरची अख्खी कारकीर्द त्याच्यावाचून संपते. पण अण्णाचं लक्ष गेलं ते बाकड्याकडे. डावांच्या मध्ये तो पिचर एका टोकाला एकटाच बसलेला आणि सगळा संघ दुसऱ्या टोकाला. कोणी त्याच्याशी बोलेना. अण्णाने खुणेने विचारलं, तर शेजारच्या म्हाताऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. बोललं की दृष्ट लागते म्हणे.

घरी परतल्यावर पहाटे उठून मोबाईलवर अमेरिकेतले सामने बघायचे आणि शाळकरी वहीत पट्टीने चौकोन आखून एकेक चेंडू टिपायचा, हा त्याचा नेम झाला. नो-हिटर रंगात आला की घरात संचारबंदी. वहिनीचं घावन तव्यावर करपलं तरी तिने हलायचं नाही. एकदा आठव्या डावात माझ्या तोंडून गेलं, "अजून एकपण हिट नाय रे?" आणि पुढच्याच चेंडूवर फटका बसला. "घातलंस मेले तोंड!" अण्णा कडाडला आणि तीन दिवस माझ्याशी अबोला धरला. तेव्हा हसलो होतो आम्ही. एका पिचरची गोष्ट मात्र तो हसून सांगत नसे. त्याने हिट एकही दिली नाही, तरी साथीदारांच्या चुकांनी सामना गेला. "त्याचा काय गुन्हा गो?" असं अण्णा विचारायचा.

मग पोटाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, रिपोर्ट चांगले येऊ लागले. एक, दोन, तीन... आणि न ठरवता आम्ही अण्णाचाच नियम अण्णाला लावला. रोगाचं नाव घ्यायचं नाही. चौथा रिपोर्ट वाईट आला तरी आम्ही गप्पच. वहिनी स्वयंपाकघरात, मी परसात, आणि तो ऑपरेशनपासून पडवीतल्या बाकड्यावर.

जायच्या चार दिवस आधी, संध्याकाळी त्याने मला हाक मारली. "बाय, बस गो हितं जरा."

"दूध उतू जाईल," मी म्हटलं. गॅसवर दूध नव्हतंच.

"त्या पिचरला काय वाटत असंल गो... सगळी अशी लांब बसली म्हंजे?"

"चहा टाकते," म्हणून मी आत गेले. तोंडाळ म्हणून सगळ्या आळीत माझी ख्याती, आणि नेमकी तिथे दातखीळ बसली. याची मला क्षमा नाही. ती मागायची कोणाकडे, तेही कळत नाही.

दिवसकार्य झाल्यावर वही उघडली. शेवटच्या पानावर तो जायच्या चार दिवस आधीची तारीख होती. सकाळी पाहिलेला सामना. सात डाव सगळी शून्यं, आठव्यात एक हिट. खाली त्याच्या अक्षरात लिहिलेलं: "आठव्या डावाआधी एकजण उठून पिचरच्या शेजारी बसला. काहीतरी बोलला. मग हिट बसली. पण पिचर हसत होता."

हे लिहून त्याने मला हाक मारली होती.

आता रोज संध्याकाळी मी त्या बाकड्यावर बसते. कॅन्सर, कॅन्सर असं मोठ्याने म्हणते. भीती वाटते का रे अण्णा, असंही विचारते. वहिनी आतून म्हणते, "पुरे करा वन्सं..." बाकड्याचा एक पाय आखूड आहे. दोन्ही टोकांना माणसं असली की ते नीट टेकतं, एकट्याने बसलं की डुगडुगतं. हे मला आत्ता कळलं. तो त्यावर आठ महिने बसला होता.