नीलव्वाची पोथी

महादू गेला हे मला शंकरआप्पाच्या तोंडून कळलं, याचा राग अजून गेलेला नाही. माझ्या सांगलीच्या छापखान्यात खिळे जुळवण्यात महादूची हयात गेली. विषमज्वर झाला म्हणून तो कोरेगावजवळच्या आपल्या गावी गेला, आणि त्याची खबर घेऊन आला हा चुलतभाऊ, तीही दुखवट्याचं पत्रक छापून घ्यायच्या निमित्तानं. मयतापेक्षा स्वतःचं नाव ठळक टायपात हवं होतं त्याला. "घराण्यात आता वडील मीच हाय," म्हणाला. मी त्याचं नाव घातलं... छापखान्यातल्या सगळ्यांत बारीक टायपात.

हे घराणं बोरूनं पोथ्या लिहिणारं. महादूचे वडील गेले आणि ती विद्या बुडाली. शंकरआप्पाला बोरू कोणत्या बाजूनं तासतात हेही ठाऊक नसावं, पण दसऱ्याला त्या बोरूची पूजा करताना त्याची मान अशी ताठ, की वाटावं सगळ्या पोथ्या यानंच लिहिल्या. महादूला या थाटाचा तिटकारा होता आणि देवाचाही. माझं त्याच्याशी जमलं ते त्यामुळेच.

मग जतकडची नीलव्वा लग्न होऊन महादूच्या सांगलीच्या बिऱ्हाडी आली. घरात कानडी बोलणारी, अक्षराची ओळख नाही. सासऱ्याच्या हातची पोथी पाहून तिनं महादूला म्हटलं, मला वाचायला शिकवा. भावकीचा निकाल आला की बाईमाणसानं पोथीला हात लावायचा नाही, त्यातून कानडी बाईनं तर नाहीच. देवाला मराठीच तेवढी कळते असा त्यांचा समज असावा. छापील अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसत. शेवटी महादूनं वडिलांचा बोरू काढला आणि तिच्यासाठी तीच पोथी ठसठशीत अक्षरांत उतरवायला घेतली. लढाईमुळे कागद मिळेना, म्हणून तो माझ्याकडची वाया गेलेली पत्रकं नेई. एका बाजूला तमाशाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला ओव्या. मी टिंगल केली, "काय रं, भेटला का देव?"

"देवाचं न्हाई ठावं गड्या," तो म्हणाला. "पन तिच्यासाठी लिवाय बसलो की बाचं अक्षर माझ्या हातातनं उतरतंय. लय गार वाटतंय."

पुढं तो बोरू उचलण्याआधी हात जोडू लागला. मी नाक मुरडलं. श्रद्धा वगैरे मला आजही कळत नाही, पण जरा काही चुकलं की खिळ्यांची पेटी आपटणारा हा तापट माणूस निवत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेराव्याला गावी गेलो, तर शंकरआप्पा दोन पंच घेऊन हजर. महादूनं लिहिलेली पोथी म्हणे देवळात ठेवायची, रेशमी फडक्यात बांधून. वर्षातून एकदा हळदकुंकू वाहायचं आणि वाचायची कुणीच नाही. हेच लोक कालपरवापर्यंत महादूला बायकोचा पंतोजी म्हणून हसत होते. नीलव्वाकडे नवऱ्याचं तेवढंच उरलं होतं. मी मधे पडणार, तोच तिनं शांतपणे विचारलं, "आप्पा, पारायण अर्धं टाकून पोथी न्यावी का?"

"छ्या, रीत मोडायची न्हाई. तुजं पुरं हूंदे, मग न्हेऊ."

सुतकात वाचन थांबलं होतं आणि शेवटचं पान राहिलं होतं. ती बसली, अक्षराखाली बोट धरून सावकाश वाचू लागली. पान संपलं तसे आप्पानं हात पुढं केले. नीलव्वानं गठ्ठा पालथा केला, पहिलं पान वर घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली. पारायण संपलं की त्याच बैठकीत पुढचं लावायचं, ही यांच्याच घराण्याची रीत. पंचांनी मुकाट हात जोडले. आप्पाचे हात जरा वेळ तसेच राहिले, मग त्यालाही जोडावे लागले.

"आता हे कवा संपायचं?" त्यानं शेवटी विचारलं.

"रोज येकच पान वाचती," ती म्हणाली. "ह्ये लिवून रोज येकच द्यायचे."

आप्पानं त्या जाडजूड गठ्ठ्याकडे पाहिलं. महादू गेल्यापासून मला पहिल्यांदा बरं वाटलं... आणि मग तिथेच, त्या सगळ्यांसमोर, रडू आलं.