वहीमावशींची रांग

वहीमावशींना कुणी सहज "माझ्यासाठी प्रार्थना करा हं" म्हटलं की त्या हातातली पिशवी खाली ठेवून तपासणीच सुरू करायच्या. "काय दुखतं? गुडघा? डावा की उजवा?" समोरचा बिचारा बोलायचं म्हणून बोललेला असे. पण मावशी मिरजेहून येऊन चेन्नईत पस्तीस वर्षं नर्स म्हणून राबलेल्या. "देवाला मोघम काय सांगू?" असं म्हणून त्या सगळं वहीत उतरवून घेत आणि तिथेच डोळे मिटत, मग ते तांबरम स्टेशन का असेना.

आम्ही अण्णा नगरातले मराठी ख्रिस्ती त्या मानाने फारच पुढारलेले. ग्रुपवर कुणाचं ऑपरेशन जाहीर झालं की मिनिटभरात जोडलेल्या हातांची रीघ लागे. त्यात माझेही हात असत. ते पाठवून मी क्रिकेटच्या बातम्यांकडे वळत असे, आणि आपण प्रार्थना केली असं मला अगदी मनापासून वाटे.

रविवारी दुपारी एका तमिळ चर्चच्या हॉलमध्ये आमची मराठी उपासना असते. ख्रिस्तात सगळे समान, हे आम्ही तिथे एका सुरात म्हणतो. म्हणताना आमच्या मंडळीचे चेअरमनसाहेब पहिल्या रांगेत गादीच्या खुर्चीवर असत आणि त्या खुर्च्या मांडणारा अरुळदास मागे चपलांपाशी उभा असे. बाप्तिस्मा त्याचाही झालेला होता, पण खुर्ची कुणी देऊ केली नव्हती.

एका रविवारी मावशींनी वही उघडून पहिली प्रार्थना अरुळदासच्या मूळव्याधीसाठी केली, तीही तपशीलवार. साहेबांच्या मुलाचा व्हिसा चौथा आला. उपासना संपताच साहेब तणतणत आले. "मावशी, माझा मुलगा त्याच्या... त्या दुखण्यानंतर?"

"साहेब, त्यानं मंगळवारी सांगितलं, तुम्ही शुक्रवारी. देवाकडे व्हीआयपी दर्शनाचा पास नसतो."

मी पोट धरून हसलो. अर्थात साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर.

व्हिसा मिळाला, मुलगा परदेशी गेला. मग गेल्या उन्हाळ्यात मावशीच हॉस्पिटलात पडल्या. मी सफरचंदं घेऊन भेटीच्या वेळेत गेलो आणि सवयीने म्हणालो, "मावशी, आम्ही सगळे प्रार्थना करतोय."

नाकाला ऑक्सिजनची नळी असतानाही त्यांनी विचारलं, "काय सांगितलंस देवाला?"

मी सफरचंदांकडे बघू लागलो.

"सेरी, बरं, मग आत्ता कर."

मी डोळे मिटून "हे प्रभू, आमच्या मावशींना..." इतकं म्हणतो तोच त्यांनी मनगट दाबलं. "अय्यो, माझा नंबर कुठे आला? मी अकरावी. उशीखालून वही काढ."

पहिलं नाव अरुळदासच्या बायकोचं होतं. डावा पाय, दोन बोटं, साखर. मी चाचरत सुरुवात केली. चाळिशी उलटल्यावर मी पहिल्यांदाच घराबाहेरच्या कुणासाठी देवाकडे काही मागत होतो, आणि मावशी मध्येच डोळे मिटून चुका काढत होत्या. "उजवा नाही, डावा." नववं नाव झालं आणि वेळ संपल्याचं सांगत नर्स आली.

"तुमचं तेवढं उरकून टाकतो," मी म्हणालो.

"उरकायचं असेल तर नको. रांग मोडू नकोस. वही ने, उद्या ये."

घरी वही उघडावी असं माझ्या मनात आलं नाही. मॅच होती.

सकाळी मावशी गेल्याचा फोन आला.

कबरस्तानात साहेब माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांच्या शेजारी अरुळदास. खुर्च्याच नसल्यामुळे तिथे आम्ही खरोखर समान होतो. मी सोबत आणलेल्या वहीचं पान उलटलं. दहावं नाव साहेबांचं होतं. 'मुलगा फोन उचलत नाही. कुणाला सांगू नका म्हणाले.' मी डोळे मिटून ते देवाला सांगितलं. साहेबांना कळू दिलं नाही.

मग खालची ओळ वाचली. अक्षर थरथरतं होतं, पण तपशील चोख. 'अकरा. मी. उजवं फुप्फुस. फार भीती वाटते.'

गेलेल्या माणसासाठी आमच्यात प्रार्थना करत नाहीत.