पिकअपची पायरी

आज मुलगा जुन्या पिकअपच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस लावत होता. त्या वासाने मला थेट कित्येक वर्षांपूर्वीच्या अंगणात नेलं. मिठाची पोती वाहून वाहून गाडीचे पाटे बसले होते, म्हणून ह्यांनी जॅक लावून घरीच नवे पाटे वाढवले. गाडी वीतभर उंच झाली. ह्यांचा चेहरा खुलला.

तेवढ्यात सासूबाई बाजाराची टोपली घेऊन आल्या. "आता मी चडू कशी रं?"

ह्यांनी त्यांना पाय उचलायला लावला. तो जिथवर पोचला तिथे खडूने खूण करून लोखंडी पायरी बसवली. आधी उंच करायची, मग पायरी लावायची! मी पोट धरून हसले होते.

आता सासूबाई नाहीत, हेही नाहीत. माझे गुडघे कुरकुरतात. मुलाने मला चढवायला हात पुढे केला.

"राहू दे. तुझ्या बाबांनी हात कधीच दिलाय," म्हणत मी पायरीवर पाय ठेवला.