सहा की आठ

माझ्या गळ्यातलं लिंग ज्याने ओढून नेलं, त्याने मला काकू म्हटलं होतं. "काकू, आवाज करू नका," असं तो इतक्या अदबीने बोलला, की क्षणभर मला वाटलं, हा बियाण्याची पिशवी उधार मागायला आलाय. मग त्याच्या हातातला सुरा दिसला.

देवगाव फाट्यावर माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. वडिलांचं होतं. मला भाऊ नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं आणि मी ते वीसेक वर्षं दणकून चालवलं. नवरा सेलूत शिक्षक. मी रोज सकाळी डबा घेऊन सेलूहून फाट्यावर यायची आणि दिवे लागायच्या आत परत जायची. त्या दुकानात मला कधी कुणाची भीती वाटली नव्हती. उलट लोकच मला वचकून असायचे. खत आलं नाही म्हणून आरडाओरडा करणाऱ्या दहा-दहा शेतकऱ्यांना मी एका आवाजात गप्प बसवलेलं आहे. आणि त्या दिवशी मला साधं ओरडताही आलं नाही.

ऐन दुपार होती. वैशाखात फाट्यावर निम्म्या माणसांची तोंडं रुमालाने बांधलेली असतात, त्यामुळे तोंड बांधून आलेल्या दोघांचं मला काहीच वाटलं नाही. एक शटरपाशी उभा राहिला, दुसरा काउंटरच्या आत आला. पेरणीला अजून अवकाश होता, गल्ल्यात फारसं काही नव्हतं. तेव्हा त्याची नजर माझ्या गळ्याकडे गेली. आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षेत मिळालेलं लिंग आम्ही चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधतो आणि ते मरेपर्यंत अंगावरून उतरवत नाही. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करतो, तेवढंच ते डबीबाहेर येतं. त्याने दोरा मुठीत धरला. मी म्हणाले, "त्यात काही नाही रे, देव आहे."

"असू द्या, काकू," तो म्हणाला आणि त्याने दोरा ओढला.

दोरा पक्का होता. तुटेपर्यंत माझी मान दोनदा काउंटरवर आपटली.

आमच्या दुकानातले हमाल, ज्यांना सगळा फाटा मामा म्हणतो, ते त्याच वेळी समोरच्या टपरीवर तंबाखूची पुडी आणायला गेले होते. ते माझ्या वडिलांच्या वेळचे. परत आले तेव्हा मी खाली बसले होते आणि मानेवरून रक्त येत होतं. मामांनी डोक्यावर हात मारून घेतला. "तंबाखूपायी गेलो, बाई. माझ्या तोंडात शेण घाला," असं ते पुढे कित्येक दिवस म्हणत राहिले. तंबाखू मात्र सुटली नाही.

घरी सासूबाई कुणी गेल्यासारख्या रडल्या. त्यांच्या लेखी लिंग जाणं म्हणजे जीव जाणंच. मठातल्या स्वामींनी मला नवं लिंग दिलं, मंत्र पुन्हा सांगितला, डोक्यावर हात ठेवला. पण माझी छाती काही जागेवर आली नाही. मोटारसायकलचा आवाज आला की हात आपोआप गळ्याकडे जायचा. "काकू" कुणी म्हटलं की मी दोन पावलं मागे सरकायची, मग म्हणणारी शेजारची पोर का असेना. मी दुकानात जाणंच सोडलं. मामा किल्ली घेऊन जायचे, नवरा शाळा सुटल्यावर चक्कर मारायचा. मी घरात गव्हातले खडे वेचत बसायची आणि मला माझाच राग यायचा. मला दुसरं काही नको होतं. त्या खुर्चीत पुन्हा पहिल्यासारखं बसता यावं, एवढंच हवं होतं.

रिव्हॉल्व्हरचं माझ्याच डोक्यात आलं. नवरा हसला. मी हसले नाही.

लायसनच्या अर्जात एक रकाना असतो: शस्त्र कशासाठी पाहिजे. मी लिहिलं, भीती वाटते म्हणून. परभणीच्या कचेरीतल्या कारकुनाने ते वाचून अर्ज माझ्याकडे सरकवला. "बाई, भीती सगळ्यांनाच वाटते. जिवाला धोका आहे, असं लिहा." मी तसं लिहिलं. मग पोलिसांची चौकशी झाली, डॉक्टरांचा दाखला झाला, बंदूक हाताळायचं शिक्षण घेतल्याचा दाखला झाला. मी शांत डोक्याची आहे हेही शेजाऱ्यांना विचारून झालं. शेजाऱ्यांनी काय सांगितलं देव जाणे. पुढचा उन्हाळा लागता लागता लायसन हातात पडलं.

त्या सगळ्या महिन्यांत मी एकच गोष्ट घोकत होते: सहा की आठ. रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत सहा काडतुसं बसतात आणि मी बघितलेल्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये आठ. मी मोबाइलवर तासन्‌तास तेच वाचत बसायची. दोघं आले तर एकेकाला तीन. पण मला नेम कुठे येतो? दोन तर वायाच जाणार. आणि चौघं आले तर? अंथरुणात पडल्या पडल्या मी माणसं वाढवत जायची आणि गोळ्या कमी पडत जायच्या. नवरा म्हणाला, "अगं, पहिल्या दोनात भागलं नाही, तर पुढच्या सहा काय उपयोगाच्या?" त्याला काय जातंय बोलायला? त्याची मान कुणी काउंटरवर आपटली नव्हती. मी ठरवलं, आठ.

शस्त्रांचं दुकान संभाजीनगरला. मला वाटलं होतं काहीतरी अंधारं, भयंकर असेल. निघालं चष्म्याच्या दुकानासारखं. मालक म्हातारे, डोक्यावर टोपी, बोलणं अगदी नवाबी. त्यांनी आधी एक छोटी, हलकी रिव्हॉल्व्हर काढून माझ्यासमोर ठेवली. "बाईसाहेबांसाठी ही बरी. पर्समध्ये मावते."

"पर्समध्ये आरसाही मावतो," मी म्हणाले. "मला ते पिस्तूल दाखवा. आठचं."

त्यांनी रिकामं पिस्तूल हातात दिलं आणि वरचा भाग मागे ओढायला सांगितलं. काडतूस नळीत जायला तसं करावं लागतं. मी ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. माझ्या बोटांचे सांधे दोन वर्षांपासून सुजतात. मला दरदरून घाम फुटला, पण ते अर्ध्यावर येऊन परत जायचं. तिसऱ्यांदा बोटाचं कातडं चिमटलं. म्हातारबाबांनी पिस्तूल काढून घेतलं आणि बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हर ठेवली.

"याच्यात ओढाताण नाही. चाप दाबला की झालं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा दाबायचं, चक्री फिरून दुसरं समोर येतं. अडकायची फिकीर नाही."

"पण सहाच."

"सहा संपायच्या आत जे व्हायचं ते होऊन जातं, बाईसाहेब." मग त्यांनी माझे हात धरून दाखवलं. "उजव्या हातात मूठ. डावा तळहात असा खालून, आधाराला."

तळहातावर वजन आलं आणि मी दचकले. सकाळी पूजेला बसते तेव्हा याच तळहातावर, नेमकं याच जागी लिंग असतं. मी हात काढून घेतला. ते म्हणाले, "एका हाताने थरथरेल." मग मी पुन्हा लावला.

मी रिव्हॉल्व्हर घेतली, काडतुसं घेतली. पावतीवर आणि लायसनवर काडतुसांचा आकडा चढला. पेपरात त्यांना जिवंत काडतुसं म्हणतात, ते मला येताना रेल्वेत एकसारखं आठवत होतं. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत ती जिवंत होती. समोरच्या बाईने शेंगदाणे दिले, तर मी पिशवी अजूनच घट्ट धरली.

आणि मी दुकानात जायला लागले. ही गोष्ट खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. काउंटरच्या खणात, पावतीपुस्तकाच्या मागे, सहाही घरं भरलेली रिव्हॉल्व्हर असायची. पण मला वाटलं होतं की ती खणात असली की मी तिला विसरून जाईन. झालं उलटंच. मी गिऱ्हाइकाशी बोलताना खणाकडे बघायची. माणूस आत आला की आधी त्याचे हात बघायची, मग तोंड. ओळखीच्यांचेसुद्धा. पूजेला बसलं की डाव्या तळहातावर लिंगाच्या खाली ती मूठ जाणवायची. मी सासूबाईंना काही सांगितलं नाही.

मग ती दुपार आली. ऊन इतकं होतं की मी शटर कमरेपर्यंत खाली ओढून घेतलं होतं. मामा बाहेर खताचा ट्रक उतरवून घेत होते. मी आत बियाण्याच्या याद्या लावत होते आणि डोळ्यांवर झापड होती. बाहेर पंखे विकणाऱ्याची गाडी भोंगा लावून उभी होती, त्यामुळे बोलणं तुटक ऐकू येत होतं. शटरच्या पलीकडे दोन माणसांचे पाय दिसले. एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "बार भरला का?"

दुसरा म्हणाला, "भरायलोय. चल आत."

आमच्याकडे तंबाखूत चुना मळून ओठाखाली ठेवतात, त्याला बार भरणं म्हणतात. हे मला माझं नाव माहीत असावं तसं माहीत आहे. वडील भरायचे, मामा भरतात, अख्खा फाटा भरतो. मी हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकते. पण गेलं वर्षभर मी बंदुकीशिवाय दुसरं काही वाचलं नव्हतं, आणि बंदुकीतही बारच भरतात. त्या क्षणी त्या शब्दाचा तंबाखूशी काही संबंध असतो, हेच मला आठवलं नाही.

खण कधी उघडला ते आठवत नाही. शटर थोडं वर गेलं. उन्हातून आत येणारा माणूस मला नुसता काळा दिसतो. तो वाकून आत आला, त्याचा हात कमरेला होता, आणि कमरेतून काहीतरी चकाकतं बाहेर आलं. मी दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर त्याच्या छातीवर धरली. डावा तळहात खालून. चाप दाबायला मी सुरुवात केली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, तो लांब मागे यावा लागतो. तो येत होता आणि चक्री फिरायला लागली होती.

"मी हाय, बाई," तो म्हणाला. "बाई, मी हाय की."

मामा होते. हातात चुन्याची डबी होती. पत्र्याची, झिजून चकचकीत झालेली. मागे ट्रकचा ड्रायव्हर उभा होता. तो शटरच्या खालून मागच्या मागे पळाला.

मी बोट काढलं. हात खाली येईना. मामांनी पुढे यायचं धाडस केलं नाही, आणि मला त्यांना "बसा" म्हणायला तोंड नव्हतं. डबी त्यांच्या हातून पडली, चुना फरशीवर सांडला. बऱ्याच वेळाने मी रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवली, चक्री बाहेर काढली आणि काडतुसं एकेक करून काढली. दोन खाली घरंगळली. मामा बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी त्यांना तांब्यात पाणी नेऊन दिलं. मला रडू आलं. मी म्हणाले, "मामा, मला माफ करा." ते पाणी प्यायले, तोंड पुसलं.

"किती गोळ्या हायती त्याच्यात?"

"सहा."

त्यांनी मान हलवली. पोती मोजताना हलवतात तशीच. रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही, नुसता हिशोब लावत म्हणाले, "मला तर एकच लागली असती की, बाई."

रिव्हॉल्व्हर मी त्याच आठवड्यात संभाजीनगरला त्या म्हातारबाबांकडे जमा करून आले. त्यांनी कारण विचारलं नाही. दुकानात मी अजूनही बसते आणि अजूनही घाबरते. मोटारसायकल थांबली की हात गळ्याकडे जातो. नवरा म्हणतो, होईल हळूहळू कमी. होईलही.

मामा अजून आमच्याकडेच आहेत. कामात कुठे कमी नाही, बोलण्यात कुठे कडू नाही. फक्त माझ्यासमोर ते बार हा शब्द काढत नाहीत. "जरा तंबाखू खातो, बाई," म्हणतात, पाहुण्या माणसासारखं. आणि दुकानात यायचं असलं की रस्त्याच्या पलीकडूनच मोठ्याने ओरडतात, "मी हाय, बाई! मी यायलोय!" मी म्हणते, या मामा. रिव्हॉल्व्हर गेली, हे मी त्यांना दोनदा सांगितलंय, रिकामा खण उघडून दाखवलाय. तरी ते शटरपाशी थांबतात, आणि माझे दोन्ही हात काउंटरवर दिसेपर्यंत आत पाऊल टाकत नाहीत.